डाग्याची तब्येत

“मारू नका रे त्याले! कोन्ही हात लावू नका!”

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून भिकुबाईचा हा आवाज आला, तेव्हा रुपचंदच्या दारापुढे पंधरा-वीस माणसं काठ्या आणि कुदळीचे दांडे घेऊन उभी होती. आत ओसरीच्या खांबाला डाग्या बांधलेला होता. त्याच दिवशी पहाटे या डाग्याने भिकुबाईला गल्लीत पाडलं होतं, डाव्या पोटरीचा लचका तोडला होता, आणि ती तोंड वाचवायला गेली तेव्हा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला होता. ती धुळ्याच्या दवाखान्यातून परत येते तोवर कुत्र्याचा निकाल लावून ठेवायचा, म्हणजे बाईला जरा बरं वाटेल, असा गावाचा सरळ विचार होता. आणि बाई तर ट्रॉलीतल्या कडब्यावर उठून बसली होती आणि पट्ट्या बांधलेला हात वर करून कुत्र्याचाच कैवार घेत होती.

“डोकावर परिनाम झाया तिना,” अभिमन आबा म्हणाले. गावात सगळ्यात जास्त कापूस त्यांचा, म्हणून कुठल्याही बाबतीत पहिलं मत त्यांचंच असायचं.

“डोकं चांगलं शे मनं,” भिकुबाई कडाडली. “डाक्टर सांगस, कुत्रा दहा दिन जगना तं काही भेव नही. तो मरना तं मी बी गई समजा. आते मारा, कोनले माराना शे ते!”

काठ्या खाली आल्या. दोघाचौघांनी त्या पाठीमागे लपवल्यासुद्धा.

रुपचंद दारात उभा होता. हा भिकुबाईचा सख्खा दीर. कुत्रा त्याचा, त्यामुळे सकाळपासून त्याला सगळ्या गावाने धारेवर धरलं होतं, आणि आता बाजू जरा पालटलेली बघून त्यालाही तोंड फुटलं.

“मना कुत्रा पिसाळेल नही शे! हाई बाई पहिले रोज पहाटे बोंबलत जाये, तव्हय त्यानी कधी कान बी हालावा नही. आते मुकी मुकी जास चोरनी गत, आज तं आंगमा मानूसना कोट, डोकाले फडकं. कुत्रानी काय करानं? राम राम करानं?”

भिकुबाईचं डोकं तापलं. पण श्रावणापासून या घराशी तिचा अबोला होता, म्हणून ती ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे वळली. “कौतिक, त्या घरले सांगी दे. कुत्राले टाईमवर भाकर देवानी. त्याना जीवले काही झायं तं मी बठ्ठासले कोर्टमा उभं करसू.”

रुपचंद चार हातांवर उभा होता. तरी कौतिकने जाऊन निरोप सांगितला, आणि रुपचंदने तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवली.

हा अबोला कशावरून झाला, ते सांगायला हवं. श्रावणात घरात कानबाई देवी बसली होती. कानबाईचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. परक्याला त्यातला तुकडा चालत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही चालत नाही. अशा त्या रोटाच्या परातीत डाग्याने तोंड घातलं. भिकुबाईने त्याच्या पेकाटात लाटणं घातलं आणि जाऊबाईला, म्हणजे रुपचंदच्या लताबाईला, चार लोकांत विचारलं, “देवीना दिन बी कुत्रा बांधता येत नही का वं तुले? काय वळन शे घरले?” लताबाई म्हणाली, “कुत्राले काय भाऊबंदकी समजस, बाई? आपले समजस ना? मंग लोकसमा का बोलतस?” झालं. एवढ्यावर दोन घरांची तोंडं फिरली. कुत्रा मात्र दोन्ही घरांत पहिल्यासारखा जात-येत राहिला.

आता भिकुबाई कोण, तर कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादमीण. नवरा वारला त्या सालापासून ती टोळी चालवत होती. वेचणीच्या दिवसांत ती तांबडं फुटायच्या आधी निघायची आणि गल्लीगल्लीतून प्रत्येक दारापुढे नाव घेऊन हाक मारायची. “ओ यशोदा! ओ पुष्पा! ऊठ वं, कापूस वाट देखी राह्यना!” तिच्या हाकेला कोंबडीही घाबरून उठायची. टोळीचा रिवाज असा की, जिच्या दाराशी हाक पडली तिनेच यायचं. बोलावल्याशिवाय आपल्या पायाने कोणी टोळीत येत नसे. लताबाई टोळीतली सगळ्यात चलाख वेचणारी. पण अबोला झाल्यापासून भिकुबाई त्या दारावरून ओठ मिटून, वहाणांचा आवाजही होऊ न देता पुढे जायची. हाक मारली तर अबोला मोडतो, आणि अबोला आपण मोडायचा म्हणजे नाक कापून देण्यातला प्रकार.

त्या पहाटे थंडी होती. भिकुबाईने नवऱ्याचा जुना खाकी कोट अंगात घातला, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि लताबाईच्या दारावरून मांजरासारखी निघाली. भुंकणारा कुत्रा चावत नाही म्हणतात. डाग्या भुंकला नाही, त्यामुळे म्हणीला काही बाध आला नाही.

त्याला ओढून काढलं लताबाईनेच. ती कुठूनशी धावत आली, डाग्याच्या मानेला दोन्ही हातांनी धरून मागे खेचलं, डोईचा पदर फाडून भिकुबाईच्या पोटरीला आवळून बांधला. पण बोलली अक्षर नाही. भिकुबाईही बोलली नाही. ती फक्त “माय वं” एवढंच ओरडली, आणि ते काही कोणाला उद्देशून नव्हतं. मग यशोदाबाईने येऊन जखमेत मूठभर तिखट दाबलं, आणि कुत्रा चावताना जितकी ओरडली नव्हती तितकी भिकुबाई तेव्हा ओरडली.

दुसऱ्या दिवसापासून भिकुबाईचं दुखणं आणि डाग्याची तब्येत या दोन गोष्टी एकत्रच चालू लागल्या. डोळा उघडला की ती कौतिकला रुपचंदच्या घरी पिटाळायची.

“डाग्यानी भाकर खादी का रे?”

“खादी, माय.”

“बठ्ठी?”

“अर्धी ठेवी दिधी.”

“काब्र ठेवी?”

“आते मी काय सांगू, माय. भूक नही व्हई त्याले.”

त्या दिवशी भिकुबाईने स्वतःही काही खाल्लं नाही. संध्याकाळी तिने सुनेला, शोभाला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर दुधात कुस्करायला लावली आणि ती वाटी डाग्याकडे पाठवली. डाग्याने वाटी चाटून पुसून ठेवली, तेव्हा हिने घास घेतला. मग तो पायंडाच पडला. भिकुबाई अंगाने निम्मी झाली आणि डाग्याच्या मानेवर चरबी चढली. त्याला कोणी खडा मारला तर गाव त्या माणसावर धावून जायचं. त्याला शिंक आली तर गल्लीत चर्चा व्हायची.

भेटायला येणारी माणसं निराळीच. पिसाळलेल्या कुत्र्याचं विष चढलं की माणूस पाण्याला भितो, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून जो यायचा तो बसायच्या आधी माठातून पेला भरायचा आणि भिकुबाईच्या पुढे धरायचा.

“पी वं अक्का. जराखं पी. आमले देखू दे.”

ती प्यायची. माणूस निरखून बघायचा, समाधानाने मान हलवायचा आणि मग तब्येत विचारायचा. दुसरा आला की दुसरा पेला. पुष्पाबाई तर आपल्या घरून तांब्या घेऊन आली, कारण या घरच्या माठाचं पाणी ओळखीचं असल्यामुळे भीती कळणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. दिवसभरात भिकुबाईच्या पोटात एवढं पाणी जायचं की तिला सारखं बाहेर जावं लागायचं. आणि बाहेर जायचं म्हटलं की तिच्या अंगाला दरदरून घाम फुटायचा.

कारण पाण्याला नव्हे, पण भिकुबाई भ्यायला लागली होती.

पहिल्यांदा तिला स्वतःलाच ते कळलं नाही. शोभाने अंगणात गोधडी झटकली आणि भिकुबाईने खांबाला मिठी मारली. गल्लीतून एखादं कुत्रं नुसतं चालत गेलं तरी तिला त्याची नखं दगडावर वाजलेली ऐकू यायची आणि पोटरी आतून आवळायची. सुया टोचून घ्यायला रोज धुळ्याला जावं लागे. कौतिक तिला बैलगाडीत घालून एसटीच्या थांब्यावर न्यायचा आणि ती गाडीत पाय पोटाशी घेऊन बसायची. बेंबीभोवती टोचलेल्या सुयांनी पोट दगडासारखं झालं होतं, त्याचं तिला काही वाटायचं नाही. थांब्यावर झोपलेल्या कुत्र्यांचं वाटायचं. परसाकडे जाताना सूनबाईला काठी घेऊन पहाऱ्याला उभं राहावं लागे. शोभा तोंड दुसरीकडे करून, काठी खांद्याला लावून, गंभीरपणे उभी राहायची आणि पुन्हा त्याबद्दल घरात एक शब्द काढायची नाही.

शिवारात तडस दिसलं तेव्हा विळा घेऊन त्याच्या मागे धावलेली ही बाई. तिला या भीतीची फार लाज वाटायची. मेले तर बरं, पण हे कोणाला कळायला नको, असं तिला वाटायचं.

दहा दिवस झाले. डाग्या जगला, इतकंच नव्हे तर बाळसेदार झाला. डॉक्टरांनी उरलेल्या सुया माफ केल्या. गावाने सुटकेचा श्वास टाकला आणि अभिमन आबांनी रुपचंदकडे निरोप पाठवला की आता कुत्रा मारायला हरकत नाही. रुपचंदने डाग्याच्या गळ्यात साखळी घातली आणि सांगितलं, आधी मला मारा. लोकांना कापसाची घाई होती. त्यांनी तो विषय तिथेच सोडला.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. तरी हाताची जखम सुकली, पोटरी भरत आली, खपली पडून गुलाबी कातडं दिसू लागलं. कंपाउंडरने पट्टी काढली आणि म्हणाला, “मावशी, आता चालायला लागा. जितकं चालाल तितकं चांगलं.” भिकुबाई घरी आली आणि खाटेवर बसली ती बसलीच. कोणी विचारलं तर म्हणायची, “पाय दुखस.”

त्या साली पाऊसपाणी नीट झालं होतं आणि कपाशी अशी फुटली होती की शिवार पांढरं दिसत होतं. पण टोळीला मुकादमीण नव्हती. पुष्पाबाईने दोन दिवस मुकादमकी करून बघितली. तिचा आवाज किनरा; दोघींना ऐकूच आला नाही, तिघी रुसल्या, आणि टोळी वावरात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी अभिमन आबा स्वतः भिकुबाईच्या ओट्यावर येऊन बसले. सवयीने त्यांनी पाण्याचा पेला भरला, मग आठवण होऊन स्वतःच पिऊन टाकला.

“भिकुबाई, बोंडं फुटीसन खाले पडी राह्यनात. अवकाळी पानी उनं तं बठ्ठं काळं व्हई जाई. तुनी टोळी येत नही तं मी शेजारना गावनी टोळी ट्रॅक्टरवर आनस. मंग पुरा सीजन त्यासलेच देनं पडी. मांगे मले बोल लावू नको.”

“सोमवारी येतस आमी.”

“पाय?”

“पायनं मी देखी लेसू.”

आबा गेले. भिकुबाईच्या डोळ्यांपुढे टोळीतल्या बाया आल्या. यशोदाबाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. पुष्पाबाईच्या पोरीचं लग्न माघात ठरलेलं. वेचणीच्या चार महिन्यांवर त्यांचं वर्ष निघायचं. आपण हाक मारली नाही म्हणून परगावची टोळी यायची आणि या बायांनी ओट्यावर बसून ती बघायची, हे काही तिला सोसण्यासारखं नव्हतं.

सोमवारी ती उठली. कोट घातला नाही. त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही. हातात काठी घेऊन निघाली. दोन दारं झाली, हाका बऱ्या निघाल्या. मग कोपऱ्यावरचा लिंब आला. लिंबाच्या पुढे रुपचंदचं घर, आणि त्याच्या पुढेच बाकीची गल्ली. आत कुठेतरी साखळी वाजली.

भिकुबाई परत फिरली. घरी येऊन शोभाला म्हणाली, “मिसरीनी डबी राही गई वं.” डबी कमरेलाच खोचलेली होती आणि शोभाला ती दिसत होती. मग भिकुबाई चुलीपुढे बसली आणि पदर तोंडात घालून रडली. कुत्रा चावला तेव्हा ती अशी रडली नव्हती.

शोभाने चहा केला. कौतिक म्हणाला, “माय, मी काकाले सांगस, कुत्रा वावरमा नेईसन बांधा.”

“त्या घरले काही सांगू नको!”

“मंग कसं करशी?”

कौतिक बैल सोडायला निघून गेला. तेव्हा शोभाने बशीत चहा ओतता ओतता, दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं.

“आत्याबाई, लताकाकू त्या दहा दिन खाले ओटावरच झोपे. कोन्ही कुत्राले इख नको घालाले, म्हनीसन. तुमनी वाटी बी तीच त्याले आपला हातवरी चारे.”

भिकुबाईने बशी खाली ठेवली.

“आनि सांगू का? ती वेचाले कोठेच गई नही. अभिमन आबानी दोनदा बलावं तरी बी नही गई. पन रोज पहाटे कापूस वेचानी ओटी बांधीसन दारमांगे बठस. श्रावणपाईन नही, वेचनी सुरू झाई तव्हयपाईन. तुमी पुढे निंघी गयात का मंग ओटी सोडस. मी देखेल शे.”

चहा निवून गेला. म्हणजे त्या पहाटे लताबाई कुठूनशी धावत आली नव्हती. ती दारामागेच कमरेला ओटी बांधून बसलेली होती. भिकुबाईला ते आत्ता लक्षात आलं. आणि मग रुपचंदचे शब्दही आठवले, जे तिला तेव्हा नुसते झोंबले होते. हाई बाई पहिले रोज बोंबलत जाये, तव्हय कुत्रानी कान बी हालावा नही. आते मुकी मुकी जास.

कुत्र्याने तिला ओळखलं नव्हतं, याचा तिला राग होता. तो डाग्या पिल्लू असल्यापासून तिच्या हातची भाकर खात होता. पण तो ज्या भिकुबाईला ओळखत होता ती त्या दारावरून हाक मारल्याशिवाय पुढे जात नव्हती. हे रुपचंद्याने सगळ्या गावासमोर सांगितलं होतं आणि ते खरं होतं, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा निघाली. काठी घेतली. यशोदाबाई आली, पुष्पाबाई आली, आणखी दोघी-तिघी आल्या. लिंबापाशी येताच सगळ्या बाया आपोआप तिच्या मागे झाल्या. त्यांनाही डाग्याची भीती होतीच.

रुपचंदच्या अंगणात काहीतरी हललं. साखळी वाजली आणि डाग्या उठून उभा राहिला. घशातल्या घशात गुरगुरला. भिकुबाईची पोटरी आवळली, तोंड कोरडं पडलं. दहा दिवस ज्याने त्याने पाणी पाजलेल्या बाईला आता घोटभर पाणी हवं होतं आणि कोणाकडे ते नव्हतं. परत फिरावं असं तिला फार वाटलं. डबीचं निमित्त कालच वापरून झालं होतं.

तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. मग फाटका, घोगरा, पण गल्लीच्या टोकाला जाईल असा आवाज फुटला.

“लता! ओ लता वं! ऊठ, कापूस वाट देखी राह्यना!”

गुरगुर थांबली. डाग्याने एक कान उभा केला. मग त्याची शेपटी हलली, आधी जराशी, मग जोरात, आणि तो खाली बसून मान खाजवायला लागला.

दार लगेच उघडलं. लताबाई कमरेला ओटी बांधून, भाकरीचं फडकं हातात घेऊन बाहेर आली. तिने दार ओढून घेतलं, डाग्याला “बठ रे” म्हणाली आणि भिकुबाईपुढे येऊन उभी राहिली.

“भलता उशीर कया, बाई.”

“पाय दुखत व्हता,” भिकुबाई म्हणाली.

आणि टोळी पुढे निघाली. अंगणावरून जाताना भिकुबाईने लताबाईचा दंड घट्ट धरला होता आणि तिला कुत्र्याच्या बाजूला ठेवलं होतं. लताबाईनेही ते लक्षात आलं नाहीसं दाखवलं. त्या दिवशी आबांच्या वावरात सगळ्यात जास्त कापूस लताबाईने वेचला आणि सगळ्यात जास्त शिव्या भिकुबाईने दिल्या.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली. दोन्ही घरांचे भाऊबंद रोट खायला एकत्र बसले होते. डाग्या दाराशी बांधलेला होता, कारण लताबाईने या खेपेला आठवणीने बांधला होता. भिकुबाई खाता खाता थांबली, रोटाचा एक तुकडा मोडला आणि लंगडत दाराकडे निघाली.

“भाबी, हाई काय?” रुपचंद ओरडला. “देवीना रोट शे! भाऊबंदना बाहेर देता येत नही!”

“बाहेर कोठे शे तो?” भिकुबाई म्हणाली. “मनं रगत त्याना पोटमा शे. आखो भाऊबंद कोनले म्हंतस?”

तुकडा मात्र तिने लांबूनच फेकला.